एक नग

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत दुपारी तीनला
पत्रा इतका तापतो
की मोबाईलच सांगतो, मला जरा गार होऊ द्या.
तेव्हा मी कारखान्याच्या दारात बसून
बालराज वडनालांना पासवर्ड समजावत असते.
"बायकोचं नाव नको, काका. सगळे तेच ठेवतात."
"मग मागाचं ठेवू?"
ठेवलं. सहा नंबर, आणि तो आणला ते साल.

माझं काम सांगायला सोपं नाही.
आई शेजारणींना सांगते, कॉम्प्युटरमध्ये आहे.
साखर पेठेतल्या महानंदाबाईंसाठी
मी शेंगाचटणीचे अठ्ठ्याण्णव फोटो काढले
आणि प्रत्येकात ती विटेचा भुगा दिसली.
शेवटी बाईंनीच कडक भाकरी चुरली, वर दही ओतलं,
म्हणाल्या, "आता काढ, आणि लवकर काढ, भूक लागलीय."
तोच चालला.

वडनालांच्या वेबसाइटवर 'आमच्याविषयी' असं एक पान आहे.
तीन आठवडे ते कोरं होतं.
विचारलं की म्हणत, "लिहा, माल चांगला आहे."
अजून?
"टॉवेल पाणी ओढतो."
अजून?
मग ते मागाकडे बघत राहत,
आणि त्या खटखटीत मला वाटे, काहीतरी बोलले.

मी एक तयार फोटो लावून टाकला:
सुरेख उजेड, सुरेख हात, हातात सुरेख सूत.
त्यांनी चष्मा कपाळावर चढवून तो जवळून पाहिला.
"हे हात कोणाचे?"
असेच. विकत मिळतात.
"आपल्या खात्यात अशी नखं कोणाची नाहीत वो."
आणि हाक मारली, "हुसेनी!"
हुसेनी जॉबर आला, तेलाचे हात पाठीमागे धरून.
उजव्या हाताला साडेचार बोटं.
अर्ध्याची गोष्ट त्याने सांगितली नाही, मी विचारली नाही.
फोटोत तो तुटलेला धागा बांधतोय;
गाठ इतकी बारीक की कॅमेऱ्याला सापडली नाही.

व्हिडिओवर बासरी घातली होती, तीही काढायला लावली.
"मागाचा आवाज असू दे.
तो बंद झाला की आम्हाला जाग येते."

सल्ले मी पुष्कळ देते.
रोज टाका, सणाला टाका, भाव लपवू नका,
विचारणाऱ्याला तासाभरात उत्तर द्या.
पण मी उघडून दिलेली काही पानं मेलीही आहेत.
तेलंगी पाच्छा पेठेतला एक गणवेशवाला,
त्याची शेवटची पोस्ट दिवाळीच्या शुभेच्छांची,
तीन दिवाळ्यांपूर्वीची.
दुकानाला शटर आहे, तिथं आता मोमो मिळतात.
मी अधूनमधून ते पान उघडते.
पणत्या अजून लुकलुकताहेत.

मग एका मंगळवारी दिब्रुगडहून ऑर्डर आली.
टॉवेल, नग एक.
"एक डझन?"
एक.
"एक ग्रोस असेल, नीट बघा."
नाही काका, एक. एका माणसाला अंग पुसायचंय.

चाळीस वर्षं गठ्ठे बांधणारा माणूस
एका टॉवेलसमोर मांडी घालून बसला.
काठ तपासला, उलटा करून पुन्हा तपासला,
सुताच्या काट्यावर तोलला,
घडी घातली, मोडली, लहान घडी घातली.
गठ्ठ्याची सुई एवढ्याशा पाकिटाला चालेना.
पत्ता मला तीनदा वाचायला लावला.
"तिकडं पाऊस फार ना वो?"
फार.
"मग वाळणार कसा?"

यावर माझ्या कुठल्याच कोर्समध्ये काही नव्हतं.

ते आत गेले, दुसरा एक घेऊन आले.
"हा पातळ आहे, लवकर वाळतो. बिलात धरू नका."
म्हटलं, काका, असा धंदा होत नाही.
ऐकत नव्हते.
चिकटपट्टी दाताने तोडत होते.